खुडलेल्या देठाचं वाण

कोळंबीची मादी कोंडलेल्या पाण्यात सहसा अंडी धरत नाही. पाणी नितळ ठेवा, ऊब मोजून द्या, खायला उत्तमातलं उत्तम घाला. तिच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते आणि ती तिला ‘इतक्यात नको’ असं बजावत राहते. यावर माणसाने शोधलेला उपाय माणसाच्या बहुतेक उपायांच्याच जातकुळीचा आहे. तापवलेल्या चिमट्यात तो देठ धरायचा आणि दाबून खुडायचा. एकच देठ, दोन्ही खुडले तर मादी बहुधा मरते, आणि मेलेल्या मादीचा धंद्याला उपयोग नसतो. पुढे थोड्याच दिवसांत तिची पाठ कवचातून हिरवी दिसू लागते, म्हणजे अंडी भरली.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बीजकेंद्रात, तळ्यांसाठी कोळंबीची पिल्लं तयार करण्याच्या जागेत, हे काम सकाळच्या चहाआधी उरकलं जाई. ते करणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. काकू डाव्या मुठीत मादी धरत आणि उजव्या हाताने चिमटा चालवत, त्यामुळे प्रत्येक मादीचा डावाच डोळा जाई.

“एक राहू द्यावा बाई,” त्या म्हणत. “नवरा बघायला तेवढा पुरतो. दोन्हींनी बघितलं तर संसार टिकत नाही.”

केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब, बसकी इमारत. डाव्या हाताला माद्यांची खोली, उजव्या हाताला पिल्लांची, मध्ये पक्की भिंत. आतून काळ्या रंगवलेल्या गोल टाक्या, प्रत्येकीत हवेची नळी, आणि पंपाची एक अखंड घरघर, जी थांबली तरच ऐकू येई. खाऱ्या ओलीचा वास धुतलेल्या कपड्यांतूनही जात नसे. मागच्या अंगाला एक चिंचोळी खोली होती. तिच्यात एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि मी.

मी आनुवंशिकता शिकवत असे. विद्यापीठाने मला सन्मानाने निरोप दिला. समारंभात माझ्या संशोधनावर जे बोलले, त्यांतल्या एकानेही ते वाचलेलं नव्हतं. म्हणूनच ते इतकं छान बोलू शकले. त्यानंतर बहिणीचा फोन आला. तिच्या टाक्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला होता आणि एकही मादी वाचली नव्हती. नवरा गेल्यानंतर तिने अख्खं आयुष्य या इमारतीत ओतलं होतं. दुसरं तिच्याजवळ काही नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने टाक्या घासल्या, वाळवल्या आणि कुणा पुरवठादाराकडून नव्या माद्या आणवल्या. त्या धष्टपुष्ट होत्या. फक्त त्या कुठल्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“कुठल्या पाण्यातल्या?” मी पुरवठादाराला फोनवर विचारलं होतं.

“समुद्रातल्या, बाई.”

‘माणूस कुठला?’ या प्रश्नाला ‘जमिनीवरचा’ हे जितकं अचूक उत्तर आहे, तितकंच हे. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही.

मी माद्यांच्या पायांचे तुकडे दोन प्रयोगशाळांना पाठवले. दोघींनी वंशवृक्ष काढून धाडले. जगातली ज्ञात वाणं त्या झाडावर आपापल्या फांदीला नीट लटकलेली होती. आमच्या माद्यांची फांदी शेजारी रेखाटलेली होती; ती झाडाला कुठेही जोडलेली नव्हती. एकीने लिहिलं, नमुना दूषित दिसतो. दुसरीने विचारलं, ही चेष्टा आहे का? विद्वानांना जे समजत नाही ते त्यांच्या लेखी एक तर घाण असतं किंवा चेष्टा.

मूळ ठाऊक नसलेल्या वाणाशी वागण्याचे नियम असतात. पाणी वेगळं, जाळी वेगळी, प्रत्येक मादीची पिल्लं वेगळ्या टाकीत, आणि खात्री पटेपर्यंत एकही बीज कुणाच्या तळ्यात जायचं नाही. मी ते नियम भिंतीवर लावले.

“ताई, खात्री कधी पटणार?” बहिणीने विचारलं.

“पटली की.”

“असली उत्तरं ऐकून तुझे विद्यार्थी पळून जात असतील.”

“हुशार होते ते थांबले.”

“किती थांबले?”

मी सूक्ष्मदर्शकाची काच पुसायला घेतली.

पहिल्या पिल्लांना डोळे फुटण्याची वेळ आली, तेव्हा मी एक थेंब काचेवर घेतला. कोळंबीचं पिल्लू या वयात पारदर्शक असतं. त्याचं सगळं बाहेरूनच दिसतं. माझ्या थेंबातल्या पिल्लाला उजवा डोळा होता. डावीकडे देठाच्या जागी एक बारीक, बरा झालेला खुंट होता. मी दुसरा थेंब घेतला. मग दुसऱ्या टाकीतला. मग सगळ्या टाक्यांतला.

कारणं माझ्याजवळ तयार होती. पिल्लं एकमेकांचे डोळे कुरतडतात. खाद्यात काही कमी पडलं तर अवयव खुरटतात. एकाच पूर्वजाचा दोष सगळ्या कुळीत उतरू शकतो. परंतु कुरतडणारं पिल्लू डावंउजवं बघत नाही; आणि माद्या आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे शाबूत होते, हे मी स्वतः पाहिलं होतं.

मी काकूंना पुढच्या माद्यांचा उजवा देठ खुडायला सांगितला.

“उजवा? हात वळत नाही तसा. डाव्याने काय घोडं मारलं?”

“वळवा हात.”

“वळवते. पण शाळेत पट्ट्या खाऊनसुद्धा अक्षर नव्हतं वळवलं मी.”

त्या माद्यांच्या पिल्लांना डावा डोळा होता. उजवीकडे खुंट होता.

इथे मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या छाटल्या तरी पिल्लं शेपट्यांसहच जन्मतात, हे विज्ञानाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाहून ठेवलं आहे. जखम शरीराची असते, वंशाची नव्हे. या एका वाक्यावर मी आयुष्यभर उभी होते. जगात याहून मोठा दिलासा मला माहीत नाही. आईबापांनी जे जे सोसलं ते सगळं जर मुलांच्या अंगावर उमटत असतं, तर एकही मूल धड जन्मलं नसतं. आणि आता एका पत्र्याच्या इमारतीत, समुद्रातल्या म्हणून विकलेल्या काही माद्या मला सांगत होत्या की तुमचं वाक्य चुकलं.

मी मान्य केलं नाही. मी आणखी एक तपासणी मांडली. एका मादीची पाठ आपोआप हिरवी झाली होती; तिला कुणी हात लावायचा नाही असं मी बजावलं. तिने पहाटे अंडी सोडली. ती आम्ही भिंतीपलीकडच्या खोलीत हलवली. पिल्लं निघाली, वाढली, आणि त्यांना दोन्ही डोळे फुटले. मी सुटकेचा श्वास सोडला. अखेर तुलनेला एक निरोगी टाकी मिळाली होती.

दुसऱ्या सकाळी काकू कपाळावर हात मारत आल्या.

“ताई, घात झाला. सवयीने हिचाही खुडला. हात चालत गेला, डोकं मागे राहिलं.”

“असू द्या,” मी म्हणाले. “पिल्लं केव्हाच वेगळी झाली आहेत. आता तिला काहीही झालं तरी त्यांना काय?”

हे वाक्य मी शांतपणे उच्चारलं होतं. त्या दिवशी पिल्लांनी कात टाकली. नव्या कवचात त्यांना डावा डोळा नव्हता.

आई एका खोलीत होती, पिल्लं दुसऱ्या. मध्ये भिंत होती. पाणी वेगळं होतं.

मी बहिणीला बोलावून दाखवलं. तिने एक डोळा मिटून दुसरा काचेला लावला, बराच वेळ पाहिलं, आणि उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आनंद होता.

“म्हणजे यांचा देठ खुडावाच लागणार नाही,” ती म्हणाली. “मोठ्या झाल्या की आपोआप अंडी धरतील. ताई, असं वाण जगात कुणाकडे नाही.”

तिने खरेदीदाराला कळवलं. तो लगेच आला. अतिशय नम्र मनुष्य; बुटांना चिखल लागू नये म्हणून दारातच उभा राहिला आणि तेही माझ्याविषयीच्या आदरापोटी असल्यासारखं वाटावं, इतका नम्र. त्याला माद्या हव्या होत्या, पिल्लं हवी होती, पुढचं सगळं बीज हवं होतं. किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या तळ्यांना तो पुरवणार होता.

“लोक ओरडतात ना मॅडम, क्रूरपणा, क्रूरपणा म्हणून? आपण सांगू, आम्ही तर हातसुद्धा लावत नाही! फक्त कुळी कुठली तेवढं तुम्ही सांगा. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

“तो मी वाटत फिरत नाही, म्हणून आहे.”

“एखादं नाव द्या हो. पोराला नाव ठेवायला बाप माहीत असावाच लागतो, असं थोडंच आहे?”

“नाव ठेवायला लागत नाही. बापाचं नाव सांगायला लागतो. तुम्ही मला दुसरं विचारताय.”

तो हसला. अशी माणसं हसतात तेव्हा समजावं, की त्यांनी आपल्याला वगळून पुढचा बेत आखला आहे. जाताना तो बहिणीला म्हणाला, “परवा गाडी पाठवतो. मॅडमना तुम्ही समजवा. घरचीच माणसं आहात.”

ती समजवायला आली. टेबलाच्या पलीकडे उभी राहिली.

“तुझं काय जातंय, ताई?”

“बस. एक प्रश्न विचारते. या माद्यांना डोळ्याऐवजी रोग झाला तर?”

तिने दोन्ही हात टेबलावर टेकले.

“पांढरे ठिपके. एका तळ्यात, एका मादीला. तिची पिल्लं तोवर कितीतरी तळ्यांत वाटली गेलेली असतील. भिंत आड आली नाही, हे तू बघितलंस. अंतर आड येईल असं तुला कोण सांगतंय? तो गोड बोलणारा?”

“तुला खात्री आहे?”

“नाही. म्हणूनच.”

“तुझं तत्त्व राहतं आणि माझं घर जातं,” ती म्हणाली. “लहानपणापासून असंच. भांडण तुझं, मार मला.” मग तिने गल्ल्यासारखी जपलेली माद्यांच्या खोलीची किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेवली. “कर काय करायचं ते. मी बघणार नाही.”

पण ती बघायला आली. बर्फ तिनेच उचलून आणला.

असलं वाण नष्ट करायचं तर क्लोरीन वापरतात. मी बर्फ निवडला. क्लोरीनने शरीरं खराब होतात आणि मला ती तपासायला शाबूत हवी होती. शिवाय बर्फात त्यांना फारसं कळत नाही असं म्हणतात. भर दुपारची वेळ होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या टाक्यांवर पडल्या होत्या. काकूंनी लाद्या फोडून घंगाळ भरलं, पाणी ओतलं, आणि आम्ही एकेक मादी आत सोडली. ती शेपटी झटके, पाय दुमडी आणि थांबे. घंगाळाच्या बाहेरच्या अंगाला दव धरलं आणि त्याचे ओघळ जमिनीवर उतरले. काकूंनासुद्धा विनोद सुचला नाही.

शेवटच्या मादीची पाठ हिरवी नव्हती. आदल्या दिवशी होती.

“हिने अंडी सोडली?”

“पहाटे,” बहीण म्हणाली.

“आणि?”

“ओतली क्लोरीनच्या बादलीत. बाकीच्या पिल्लांबरोबर. आता माझ्या टाक्यांत फक्त पाणी आहे. झालं समाधान?”

मी तिच्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता.

खरेदीदाराची गाडी आली आणि रिकामी परत गेली. रोग आला, असं बहिणीने त्याला सांगितलं. तो वैतागला नाही. मला याचं नवल वाटलं, तेवढंच. पुढच्या सकाळी मी सामान बांधायला घेतलं होतं, तेव्हा बहीण माझ्या खोलीत आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“ताई, हृदय कुठे असतं यांचं?”

“कुणाचं?”

“पिल्लांचं.”

“डोक्याच्या मागे, कवचाखाली. भराभर फडफडतं. का?”

“तेच शोधतेय मी पहाटेपासून,” ती म्हणाली.

तिने एक टाकी राखली होती. त्या पहाटेची अंडी. अंडी आधी सोडलेली होती, मरण दुपारी आलं, मग त्यांचा काय संबंध, असं तिने स्वतःला समजावलं होतं. आणि हा युक्तिवाद तिने माझ्याच तोंडून ऐकला होता. खरेदीदाराशी गुपचूप बोलणंही झालं होतं. गाडी वाटेत होती.

मी काचेवर थेंब घेतला.

पिल्लं पोहत होती. उजेडाकडे झेपावत होती. धंद्यात निरोगी पिल्लाची हीच खूण मानतात. अंग मात्र पारदर्शक नव्हतं, उकडल्यासारखं दुधी होतं. पोटात खाल्ल्याची रेघ नव्हती. डोक्यामागे हृदय होतं, आकाराने अगदी बरोबर.

ते हलत नव्हतं.

मी घड्याळ लावून पाहत राहिले. पिल्लाने पाय मारले, वळलं, वर गेलं, खाली आलं. हृदय स्थिर होतं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याचंही.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

खरेदीदार पिल्लांच्या खोलीच्या दारातच उभा राहिला, नेहमीसारखा. प्राणवायू भरायच्या पिशव्यांचा गठ्ठा त्याने बरोबर आणला होता. मी पुढे झाले, पण बहीण माझ्याआधी पोचली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. लहानपणी भांडताना अशी मी उभी राहत असे.

“माल नाही,” ती म्हणाली.

“तुम्हीच तर बोलावलंत.”

“मेली सगळी.”

त्याने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. “मला तर पोहताना दिसताहेत.”

“तरीपण मेली.”

“ताई, जरा समजवा ना यांना,” तो मला म्हणाला. ‘मॅडम’वरून तो ‘ताई’वर आला होता.

“मी तिला समजवत नाही,” मी म्हणाले. “ती मला समजवते. तुम्ही निघा.”

“दुसरा कुणीतरी देईलच मला.”

“तो देईल. आम्ही देणार नाही. दोन्हींत फरक आहे, आणि तो तुम्हाला कळावा अशी माझी अपेक्षा नाही.”

गाडी गेली. बहिणीने दार लावून घेतलं आणि ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, कारण तिला ते आवडत नाही. मग तिने डोळे पुसले आणि क्लोरीनचा डबा उघडून टाकीत ओतला.

पिल्लं पोहत राहिली.

दुपारी आम्ही टाकी आटवली. तळाला चिकटून ती छपरातून येणाऱ्या उन्हात कोरडी पडली. काकूंनी एका बोटाने त्यांतलं एक उचलून पाण्यात टाकलं. ते पोहू लागलं.

काकू हात धुऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, हे इथे नोंदवलं पाहिजे. “तुम्ही दोघी एकट्या काय करणार?” एवढंच म्हणाल्या.

मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही, असा साधा निष्कर्ष मी काढला आहे. समुद्रात सोडायची नाहीत, पुरायची नाहीत, कुणाला द्यायची नाहीत. म्हणून ती आमच्याकडे आहेत. ती काही खात नाहीत. खाद्याची ताटली भरलेली खाली जाते आणि भरलेलीच वर येते. तरी ती वाढताहेत. मी रोज एक थेंब पाहते. हृदय हललेलं नाही. ज्या दिवशी हलेल त्या दिवशी काय करायचं, हे आम्ही ठरवलेलं नाही. पण ठरवणार आम्हीच, इतकं नक्की.

खोली आम्ही बंद केली आहे. भिंतीवरचे माझे नियम बहिणीने दाराला लावले आणि त्यांखाली स्वतःचा एक वाढवला: विचारू नये.

टाकीतलं पाणी उबदार असतं. हीटर चालू आहे, मी स्वतः हात घालून पाहते. तरी टाकीच्या बाहेरच्या अंगाला, त्या दुपारी घंगाळाला धरलं होतं तसं, दव धरतं. बहीण रोज सकाळी ते पुसते.

आज ते दाराच्या बाहेरच्या बाजूला होतं. कुलपाच्या उंचीपर्यंत.

मी रुमालाने ते पुसून काढलं. रुमाल वाळला तेव्हा त्यावर मिठाची रेघ होती.

तो मी मोरीत धुतला नाही, कारण मोरीचं पाणी समुद्राला जातं. काचेच्या बरणीत घातला आणि झाकण घट्ट लावलं. आता हे लिहिते आहे, तेव्हा बरणी समोर टेबलावर आहे, आणि तिलाही बाहेरून दव धरलं आहे.

बरण्या आमच्याकडे भरपूर आहेत.